डी ड्राइव्हमध्ये जागा असून सी का वाढत नाही? फ्री स्पेस आणि अनअलोकेटेड स्पेस

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते आणि शेजारच्या डीमध्ये ५०० जीबी नुसती पडून असते. साहजिकच वाटतं, त्यातली १०० जीबी सीला देऊन टाकावी. इथेच फ्री स्पेस आणि अनअलोकेटेड स्पेस या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि या गल्लतीपायी लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेलेले आहेत. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

फ्री स्पेस ही कुठल्यातरी ड्राइव्हच्या आतली जागा असते. तिथे अजून फाइल आलेली नाही, इतकंच. कुठला क्लस्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) भरला आणि कुठला मोकळा, याचा हिशेब त्या ड्राइव्हची फाइल सिस्टिम ठेवते; विंडोजवर ती सहसा एनटीएफएस असते. अनअलोकेटेड जागा मात्र कुठल्याच पार्टिशनमध्ये, म्हणजे सी-डीसारख्या डिस्कच्या आखलेल्या तुकड्यात, मोडत नाही, डिस्कच्या पार्टिशन टेबलात ती कुणाच्याच नावावर नसते. फ्री स्पेस म्हणजे कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची पडीक जमीन. अनअलोकेटेड म्हणजे जिचा सातबाराच कुणाच्या नावे नाही ती. सीला फक्त ही दुसरी घेता येते.

पहिलीची दुसरी करायची सोय विंडोजमध्येच आहे, व्हिस्टापासून. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, डीवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीमध्ये विचारला जातो, म्हणजे १०० जीबीसाठी १०२४०० लिहायचं. कधीकधी ३०० जीबी मोकळी असूनही विंडोज ४० जीबीच्या वर कमी करू देत नाही. डिस्क बिघडली असं समजू नका. न हलवता येणारी एखादी फाइल मध्येच बसलेली असते आणि तिच्या अलीकडे श्रिंक जाऊच शकत नाही. हे सीवर जास्त घडतं: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. नेमकी कोण अडवतेय ते इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं.

समजा श्रिंक झालं आणि काळ्या पट्टीची १०० जीबी अनअलोकेटेड जागा दिसली. आता सीवर राइट क्लिक केलं तरी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच! कारण श्रिंक नेहमी पार्टिशनच्या शेवटाकडून जागा सोडवतं. खिडकीच्या खालच्या भागातला डिस्कचा नकाशा पाहा: आधी सी, मग डी, आणि काळी पट्टी डीच्या उजवीकडे. बेसिक डिस्कवर (विंडोजमधला डिस्कचा नेहमीचा प्रकार) सीला स्वतःच्या लगेच उजवीकडची जागाच घेता येते. जागा किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, याला इथे महत्त्व आहे.

यावर ‘डी डिलीट कर, मग सी वाढेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सी वाढेल हे खरं, पण डीतलं सगळं जाईल. आधी तो डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून, दोनचार फाइली तिथून उघडून पाहिल्याशिवाय हे अजिबात करू नका. दुसरा मार्ग जीपार्टेडसारख्या साधनाचा. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ते डी उजवीकडे सरकवतं. त्यात डीमधला डेटा खरोखर जागेवरून उचलून दुसरीकडे लिहिला जातो, त्यामुळे तासन्‌तास लागू शकतात आणि मध्ये लाइट गेली तर डेटा धोक्यात येतो. लॅपटॉप चार्जरला लावा, बॅकअप इथेही घ्याच. बिटलॉकर (विंडोजची ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची सोय) चालू असेल तर आधी ते पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपू द्या.

सी आणि डीच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीची साधनं ठेवलेला तुकडा) असेल तर डी उडवूनही सी वाढत नाही, कारण मधली ती छोटी पट्टी आड येते. या पट्टीने जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वापरणाऱ्या बऱ्याच जणांना छळलं. केबी ५०३४४४१ या सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्येच २५० एमबी मोकळी हवी होती. सीमध्ये कितीही फ्री स्पेस असली तरी उपयोग शून्य, अपडेट फसत राहिलं. मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय असा: सी २५० एमबीने श्रिंक करा, जुनं रिकव्हरी पार्टिशन काढा आणि एकत्र आलेल्या अनअलोकेटेड जागेत नवं, मोठं बनवा.

माझं मत विचाराल तर, अडचण फक्त सी भरल्याची असेल तर पार्टिशनला हात लावूच नका. डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅब असतो. डीवर एक नवं फोल्डर बनवा, त्या टॅबमधल्या ‘मूव्ह’मधून तेच दाखवा आणि जुन्या फाइली हलवायच्या का विचारल्यावर ‘येस’ म्हणा. व्हिडिओ आणि पिक्चर्स फोल्डरचंही असंच करता येतं. फक्त थेट डी ड्राइव्ह निवडू नका, आत बनवलेलं फोल्डरच निवडा; नाहीतर अख्खा डीच डाउनलोड्स होऊन बसतो आणि परत फिरवताना त्रास होतो.