छ्यू युआन आणि चिनी भावकवितेतील देशनिष्ठा

प्राचीन चिनी भावकवितेत देशप्रेम आणि चारित्र्य यांची फारकत सहसा आढळत नाही. राजाला न आवडणारे खरे बोलणे, पदासाठी लाचार न होणे, राज्य बुडाले तरी जेत्याची चाकरी नाकारणे, ही एकाच शीलाची रूपे समजली जात. या परंपरेचा आद्य कवी म्हणजे छ्यू युआन (इ. स. पू. सु. ३४०–सु. २७८).

यांगत्सेच्या खोऱ्यातील चू राज्याच्या राजकुळाशी त्याचे नाते होते आणि राजा ह्वायच्या दरबारात त्याला मान होता. हे चरित्र मुख्यतः सिमा छियान या इतिहासकाराने दिलेले असून त्यात आख्यायिकेचा अंश असावा. दरबाऱ्यांनी कान भरले आणि राजाने त्याला दूर केले. पश्चिमेच्या बलाढ्य छिन राज्यावर भरवसा ठेवू नये, हा त्याचा सल्लाही डावलला गेला. बोलणी करायला गेलेला राजा इ. स. पू. २९९ मध्ये छिनच्या कैदेत पडला आणि तिथेच मरण पावला. पुढच्या राजाने छ्यू युआनला दक्षिणेत हद्दपार केले. इ. स. पू. २७८ मध्ये छिनच्या फौजांनी चूची राजधानी यिंग घेतली. परंपरेनुसार त्याच सुमारास कवीने आजच्या हूनान प्रांतातील मिलुओ नदीत जीव दिला.

‘ली साओ’ ही त्याची प्रमुख रचना पावणेचारशेच्या आसपास ओळींची आहे. तिच्यातला ‘मी’ कमळाच्या पानांची वस्त्रे करतो, अंगावर सुगंधी वनस्पती मिरवतो. सुगंध म्हणजे सद्गुण, तण म्हणजे दरबारी. कवी कधी मत्सरी स्त्रियांनी बदनाम केलेली सुंदरी होतो, तर कधी स्वतःच प्रियेच्या शोधात निघतो. स्वर्गाचा द्वारपाल दार उघडत नाही. ज्योतिषी सांगतो, दुसरीकडे जा, तिथे तुझी कदर होईल. कवी नागांच्या (ड्रॅगनांच्या) रथातून आकाशमार्गे निघतोही. पण उंचावरून अचानक जुनी मायभूमी दिसते, सारथी व्याकूळ होतो, घोडे मागे वळून पाहतात आणि पुढे पाऊल टाकत नाहीत. पुढच्या दोन हजार वर्षांच्या देशभक्तीपर काव्यात याच्या तोडीचा प्रसंग क्वचितच सापडेल.

त्या काळात एका राज्यात किंमत नसेल तर विद्वान दुसऱ्या राज्यात जात. खुद्द कन्फ्यूशियसही हिंडला होता. म्हणूनच ‘ज्या ई’ नावाच्या कवीने इ. स. पू. दुसऱ्या शतकात छ्यू युआनसाठी शोकगीत लिहिताना विचारले, की दुसरा राजा का शोधला नाहीस? इ. स. पहिल्या शतकातील इतिहासकार बान गूने तर त्याच्यावर आत्मप्रौढीचा ठपका ठेवला. छ्यू युआनच्याच नावावर सांगितलेल्या ‘कोळी’ या रचनेत, जग गढूळ आहे, मी एकटा निर्मळ, असे कवी म्हणतो. त्यावर कोळी हसतो आणि गातो: पाणी स्वच्छ असेल तर त्यात टोपीचे गोंडे धुवावेत, गढूळ असेल तर पाय. इथे कवीच्या ताठ शीलाचीही परीक्षा होते, आणि कोळी हरत नाही.

पुढे कवी दू फूने (७१२–७७०) बंडखोरांनी व्यापलेल्या राजधानी छांगआनमध्ये, देश मोडला तरी डोंगर-नद्या उरल्या, असे लिहिले. सोंग काळातील कवी लू यौने (११२५–१२१०) मृत्युशय्येवर मुलांना बजावले, की चीनचा गमावलेला उत्तर भाग परत जिंकला की पितरांच्या पूजेत बापाला कळवायला विसरू नका. सोंग राज्याचा मंत्री वन थ्यान-श्यांग (१२३६–१२८३) मंगोलांच्या कैदेतही झुकला नाही. देहदंडापूर्वी त्याने तुरुंगातच ‘सत्त्वगीत’ रचले.

छ्यू युआनची ‘देशभक्त कवी’ ही आजची प्रतिमा बरीचशी विसाव्या शतकात घडली. जपानी आक्रमणाच्या काळात, १९४२ मध्ये, लेखक ग्वो मोरुओचे त्याच्यावरील नाटक चोंगछिंग शहरात गाजले. १९५३ मध्ये जागतिक शांतता परिषदेने त्याचे स्मरण केले. यात एक विसंगती मात्र उरतेच: ज्याला तो शत्रू मानत होता, त्या छिननेच इ. स. पू. २२१ मध्ये सारा चीन एक केला. त्याची निष्ठा चूशी होती.

चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पंचमीला होणाऱ्या नागनौका-उत्सवात पानात गुंडाळलेला चिकट भात खातात आणि बहुतेक ठिकाणी छ्यू युआनची आठवण काढतात. सूचौ परिसरात मात्र तो दिवस वू झ-श्यूचा मानतात. बाप आणि भाऊ यांना चूच्या राजाने मारले म्हणून वू झ-श्यू शत्रूला मिळाला, आणि इ. स. पू. ५०६ मध्ये त्याच्या साथीने वू राज्याच्या फौजांनी तीच यिंग राजधानी घेतली होती.