सॅडल मागवण्याआधी घोड्याची पाठ मोजा

आमच्या दुकानात फोन येतो तो साधारण असा: "चौदा दोनची घोडी आहे, सतरा इंची सॅडल पाठवून द्या." आम्ही विचारतो, "पाठीचं माप?" पलीकडे क्षणभर शांतता, मग उत्तर येतं, "सांगितलं ना, सतरा."

घोडं नेमकं इथेच पेंड खातं. सतरा इंच हे घोडीचं माप नाही. ते तुमच्या बैठकीचं माप आहे. तुमच्या मांडीच्या लांबीवरून आणि अंगयष्टीवरून ते ठरतं, आणि ते तुम्ही दुकानात येऊन लाकडी घोड्यावर बसलात की आम्ही पाच मिनिटांत काढून देतो. 'चौदा दोन' हे मात्र घोडीचं आहे, पण तिच्या उंचीचं. एक हात म्हणजे चार इंच, म्हणून चौदा दोन म्हणजे चौदा हात आणि वर दोन इंच, एकूण ५८ इंच. चौदा दशांश दोन नव्हे. हा हिशेब चुकवणारेही बरेच भेटतात. उंचीवरून पाठ किती रुंद आहे ते कळत नाही. सहा फुटी माणसाच्या बुटाचा नंबर त्याच्या उंचीवरून कोणी सांगत नाही, तसंच.

घोड्याचं माप म्हणजे खांद्यामागची रुंदी. आयाळ जिथे संपते तिथे मानेच्या मुळाशी एक उंचवटा असतो, रायडिंग शिकणारे त्याला विदर्स म्हणतात. सॅडलच्या आत लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो आणि त्याची पुढची कमान या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना बसते. कमान अरुंद असेल तर ती दोन्हीकडून चिमटा काढते, सॅडल पुढून वर उचलली जाते आणि स्वार मागे कलतो. कमान रुंद असेल तर सॅडल पुढे खाली बसते, थेट हाडावर टेकते आणि स्वार पुढे झुकतो. दोन्ही प्रकारांत घोडा आधी कान मागे पाडतो, मग तंग, म्हणजे सॅडल बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येतो, मग उडी मारायचं नाकारतो. मालक म्हणतो, घोडा हट्टी निघाला. काही महिन्यांनी त्या जागेवर पांढरे केस येतात. दाबाने केसाच्या मुळाला इजा झाली की तिथला रंग जातो, आणि तो बहुधा परत येत नाही. घोडा विकत घेताना पाठीवर असे पांढरे ठिपके दिसले तर समजा, आधीच्या मालकाने सॅडल फोनवरून मागवली होती.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे खाली आणखी एक पॅड. मग त्यावर जेलचा पॅड, मग घडी घातलेली घोंगडी. अरुंद सॅडलखाली जाड पॅड घालणं म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे घालणं. 'खोगीरभरती' हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. नुसतं भरत गेल्याने काही बसत नाही हे आपल्या पूर्वजांना घोड्यावर बसूनच कळलं होतं. पॅड घाम शोषण्यासाठी असतो. एक पुरतो.

माप असं घ्या

घोडा सपाट जागेवर उभा करा, चारही पाय सारखे, मान सरळ. चरायला मान खाली घातलेल्या घोड्याचं माप चुकतं. खांद्याच्या हाडाची मागची कड हाताने चाचपा आणि तिच्या मागे तीन बोटं सोडून, उंचवट्यावरून आडवी, एक वाकणारी पट्टी दाबून बसवा. स्टेशनरीच्या दुकानात आर्किटेक्चरची मुलं घेतात ती शिशाच्या गाभ्याची रबरी पट्टी सगळ्यात चांगली. इलेक्ट्रिशियनकडची जाड तांब्याची वायरही चालते. पट्टी दोन्ही बाजूंना निदान वीतभर खाली यायला हवी. मग ती न हलवता अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवा आणि आतल्या कडेने पेन्सिल फिरवा. डावी बाजू कोणती, उजवी कोणती ते लिहा, कारण बऱ्याच घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. दुसरं माप पाठ जिथे सगळ्यात खोल आहे तिथे. तिसरं शेवटच्या बरगडीपाशी. सॅडल त्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिच्यामागे स्वाराचं वजन पेलायला बरगड्यांचा आधार नाही.

आता एक विनंती, जरा हात जोडून. पुठ्ठ्याचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवू नका. फोटोत आकार कळतो, माप कळत नाही; तोच पुठ्ठा जवळून काढला तर हत्ती, लांबून काढला तर शिंगरू. पाठवायचाच असेल तर पुठ्ठ्याला चिकटून स्टीलची पट्टी ठेवा आणि बरोबर वरून काढा. वायरही कुरियरने पाठवू नका. एका गृहस्थांनी ती पाकिटात मावावी म्हणून चौपदरी घडी घालून पाठवली होती. पुठ्ठा पाठवा.

"तुमच्याकडे फार सोपस्कार आहेत, ऑनलाइन तर लगेच मिळते," असं आम्हाला ऐकावं लागतं. मिळते, खरं आहे. मीडियम, वाइड असं लिहिलेलं असतं, पण एका कंपनीची मीडियम दुसरीच्या नॅरोएवढी असते. आणि परत आलेल्या सॅडलचं काय होतं तेही सांगतो. तीन आठवडे वापरून, रिकिबीच्या पट्ट्याला घड्या पडून, तंगाला घाम आणि केस चिकटून ती आमच्याकडे येते. ती आम्ही नवी म्हणून दुसऱ्याला विकत नाही. मग भुर्दंड कोणाला? म्हणून पुठ्ठा आल्याशिवाय आम्ही सॅडल पाठवत नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. पुठ्ठा देऊन घेतलेली सॅडल बसली नाही तर दुरुस्ती किंवा बदल आमच्या खर्चाने.

जात सांगितली तर माप कळेल का?

अंदाज येतो, एवढंच. पुण्याचा पावसाळी रेसचा हंगाम संपला की रेसमधले निवृत्त थरोब्रेड जातीचे घोडे बाहेर विकायला येतात. त्यांचा विदर्स उंच आणि धारदार असतो, दोन्ही बाजूंना खड्डे असतात. पण सहा महिने आराम, चांगला चारा आणि हळूहळू काम मिळालं की तीच पाठ भरते आणि आधीची सॅडल घट्ट होते. अशा घोड्यासाठी पहिल्याच महिन्यात महागडी सॅडल घेऊ नका. आम्ही विकतो तरीही सांगतोय. कमान बदलता येणारी घ्या किंवा आमच्याकडून भाड्याने न्या.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी आणि काठियावाडी घोडे बघणारे दर डिसेंबरात आमच्याकडे येतात. आत वळलेल्या, टोकं जुळणाऱ्या कानांवर सगळे भाळतात. पाठीकडे कोण बघतो? दोन्ही जातींत सडपातळ अंगाचे घोडे पुष्कळ, पण यात्रेसाठी खाऊ घालून गोल केलेला घोडा दोन महिन्यांत वेगळाच दिसतो. भीमेच्या खोऱ्यातली आपली भीमथडी आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे, ही आनंदाची गोष्ट. ती अंगाने लहान, काटक. तिला मोठ्या घोड्याची सॅडल घातली की मागची कड शेवटच्या बरगडीपलीकडे जाते. भीमथडीवाल्यांनी लांबीचं माप विसरू नये.

सॅडल आल्यावर

पहिल्यांदा पॅडशिवाय ठेवून बघा. थोडी पुढे ठेवा आणि मागे सरकवा, म्हणजे केस आडवे बसतील. मागून वाकून पाहिलं तर मधल्या पोकळीतून पलीकडचा उजेड दिसायला हवा. स्वार बसल्यावर विदर्सवर निदान दोन बोटं जागा उरायला हवी. तंग एकदम आवळू नका. घोडा छाती फुगवतो, आणि तुम्ही रिकिबीत पाय घातलात की तंग ढिला पडून सॅडल पोटाखाली फिरते. थोडं आवळा, दहा-वीस पावलं चालवा, पुन्हा आवळा, बसल्यावर एकदा तपासा. चार-सहा फेऱ्या झाल्या की सॅडल काढून घामाचा छाप बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच वाटीएवढी जागा कोरडी असेल तर तिथे दाब पडतोय अशी शंका घ्या आणि आम्हाला फोटो पाठवा. हा फोटो मात्र चालेल.

बाकीचं थोडक्यात. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद असावी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. बुटाला छोटी टाच हवी, स्पोर्ट्स शूज नकोत. बाइकचं हेल्मेट चालत नाही. ते जड असतं आणि त्यात नीट ऐकू येत नाही. रायडिंगचं हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून कितीही चांगलं दिसो, टाकून द्या. नाल सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून बघून घ्या. चाऱ्यात अचानक बदल करू नका, कारण घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटात कळ आली की जिवावर बेतू शकतं. घोडा लोळायला लागला, पोटाकडे वळून बघायला लागला तर आम्हाला नाही, पशुवैद्यांना फोन करा.

चामड्याचा खरा शत्रू आपला पावसाळा. जूनमध्ये बंद खोलीत ठेवलेली सॅडल जुलैत हिरवी होते. बुरशी कोरड्या फडक्याने बाहेर नेऊन पुसा, मग सॅडल सोप लावा, सावलीत वाळू द्या, शेवटी थोडंसं तेल. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवलेलं चामडं तडकतं, आणि तडकलेला तंगाचा पट्टा आम्ही शिवून देत नाही, नवाच घालतो. ही कंजुषी किंवा लबाडी नाही. त्या एका पट्ट्यावर माणूस बसलेला असतो.

आमचे सांगाडे कानपूरहून येतात, जिथल्या साजाला भौगोलिक मानांकन आहे. भरणी आणि बसवणी आमच्याकडे, हाताने. आत लोकर असते, ती दबते, म्हणून पहिल्या वर्षात एकदा भरणी मोफत करून देतो. त्यासाठी नवा पुठ्ठा लागेल. हो, पुन्हा. जुन्यावर घोडा वर्षभरापूर्वीचा आहे.

आणि पुठ्ठ्यावर तारीख, तुमचं नाव आणि घोड्याचंही नाव लिहा. नुसतं 'घोडा' असं लिहिलेले अकरा पुठ्ठे आमच्या कपाटात पडून आहेत. त्यातला एक तुमचा असेल तर कृपया येऊन ओळखून न्या.