चहासाठी, वरणासाठी आणि आंबवणासाठी पाण्याची निवड

आमच्या दुकानात पाणी तपासून घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न एकच विचारतात: "आमच्या पाण्याचा टीडीएस किती आहे?" टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण. हा प्रश्न योग्यच आहे, परंतु केवळ या एका आकड्यावरून पाणी चहाला चांगले की वरणाला, हे ठरवता येत नाही. पाण्यात किती क्षार आहेत यापेक्षा कोणते क्षार आहेत, हे स्वयंपाकात अधिक महत्त्वाचे ठरते. ते घरच्या घरी कसे ओळखावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. त्यामुळे मीठ विरघळलेले पाणी आणि चुन्याचे क्षार असलेले पाणी या दोहोंचा आकडा 500 येऊ शकतो. मात्र पहिल्या पाण्यात डाळ बऱ्यापैकी शिजेल, तर दुसऱ्या पाण्यात कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी डाळ वेगळी आणि पाणी वेगळे राहील.

खानदेशचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. म्हणून आपल्याकडील विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात या दोन धातूंचे बायकार्बोनेट बहुधा आढळतातच. यावल, रावेर, चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांत खडकावर गाळाचा जाड थर आहे. तेथे खोल कूपनलिकांचे पाणी दोन शेजारच्या शेतांतही निराळे निघू शकते. शेजाऱ्याचा अहवाल पाहून आपल्या घरचे यंत्र घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

येथे दोन शब्द नीट समजून घ्यावेत. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे पाण्याला येतो तो जडपणा, ज्यात साबणाला फेस येत नाही. बायकार्बोनेटमुळे येते ती क्षारता, म्हणजे आंबटपणा मारून टाकण्याची पाण्याची शक्ती. या दोन गोष्टी आपल्या भागात पुष्कळदा एकत्र येतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात, पण डाळ बिघडते ती जडपणामुळे आणि चहा बिघडतो तो मुख्यतः क्षारतेमुळे.

चहाची परीक्षा कोणालाही करता येईल. दूध न घालता कोरा चहा काचेच्या दोन पेल्यांत ओतावा. एका पेल्यात बोअरच्या पाण्याचा आणि दुसऱ्यात आरओच्या (बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचा चहा असावा. पत्ती आणि उकळण्याचा वेळ दोन्हींसाठी सारखाच ठेवावा. बोअरच्या पाण्याचा चहा गडद, मातकट आणि मंद दिसतो, आणि थोड्या वेळाने त्यावर पातळ, चकाकणारी साय धरते, जी चमच्याने हलवल्यावर तुकडे होऊन कडेला चिकटते. ही साय घाणीची नसते. चहातील द्रव्ये हवा, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्या संयोगाने पृष्ठभागावर जमतात. आता त्याच पेल्यात लिंबाचे काही थेंब पिळून हलवावे. रंग पाहता पाहता उजळून तांबूस होतो, कारण लिंबाच्या आम्लाने क्षारता मोडली जाते. रंग उजळण्यासाठी जितके जास्त थेंब लागतील तितकी आपल्या पाण्याची क्षारता अधिक, असे ढोबळमानाने समजावे.

पाण्याचा हा गुण बिअर बनवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखला होता. झेक प्रदेशातील पिल्सेन गावचे पाणी अत्यंत मृदू असल्यामुळे तेथे 1842 साली फिकट सोनेरी बिअर जन्माला आली. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्याने तेथील बिअरचा कडवटपणा स्वच्छ आणि ठळक लागे. डब्लिनचे पाणी आपल्यासारखेच बायकार्बोनेटयुक्त, म्हणून तेथे काळपट भाजलेल्या धान्याची बिअर रुजली. भाजलेल्या धान्याचा आंबटपणा पाण्याची क्षारता सावरून घेतो. आपल्या राज्यात दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय घरी बिअर तयार करता येत नाही, त्यामुळे त्यासंबंधी आम्ही सल्ला देत नाही. मात्र पाण्याचा जो नियम तेथे लागू पडतो, तोच आपल्या चहाच्या पातेल्यातही लागू पडतो.

वरणाची गोष्ट वेगळी आहे. तुरीच्या डाळीच्या पेशी ज्या चिकट द्रव्याने एकमेकींना धरून असतात, त्याला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवते आणि डाळ मऊ होत नाही. वरण-बट्टीच्या पंगतीसाठी पाच-सात किलो डाळ शिजवताना हा फरक फार जाणवतो. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत आहे; त्याने डाळ गळते खरी, पण डाळीतील ब-1 जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. त्यापेक्षा डाळ भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी मृदू पाणी वापरणे केव्हाही चांगले.

मृदू पाणी मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग यंत्राच्या खर्चाशिवायचा आहे: पाणी दहा मिनिटे खळखळ उकळावे, रात्रभर निवत ठेवावे, आणि सकाळी तळाचा पांढरा गाळ न हलवता वरची निवळी काढून घ्यावी. या गाळाबरोबर जडपणा आणि क्षारता दोन्ही उतरतात. मात्र जडपणा सल्फेट किंवा क्लोराइडचा असेल तर तो उकळून जात नाही, आणि क्षारता सोडियमची असेल तर तीही जात नाही. पातेल्याच्या तळाशी पांढरे काहीच जमले नाही आणि तरीही साबणाला फेस येत नसेल, तर उकळण्यात गॅस वाया घालवू नये.

दुसरा मार्ग सॉफ्टनरचा. यातील राळेचे मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. डाळ उत्तम शिजते, गिझरमध्ये चुना बसत नाही. परंतु टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि क्षारताही तशीच राहते, म्हणून चहा सुधारत नाही. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी हे पाणी पिण्यासाठी वापरू नये.

तिसरा मार्ग आरओचा. याबाबतीत आमच्याकडून पूर्वी झालेली एक चूक येथे नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते. एका ग्राहकाच्या घरी आम्ही यंत्राचा टीडीएस 20 वर आणून ठेवला आणि काम चांगले झाले असे समजून परतलो. आठवड्यानंतर त्या घरच्या आजींनी निरोप पाठवला की डाळ छान शिजते, पण चहा पाणचट लागतो आणि प्यायलेल्या पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण क्षार जवळपास संपूर्ण काढून टाकले की चवीला आधार उरत नाही. तेव्हापासून आम्ही मूळ पाणी आणि आरओचे पाणी यांचे मिश्रण सुचवतो. मूळ पाण्याचा जडपणा 400 आणि आरओच्या पाण्याचा 20 असेल, तर एक तांब्या मूळ पाण्यात तीन तांबे आरओचे पाणी मिसळल्यावर जडपणा सुमारे 115 येतो. क्षारतेचा हिशेबही याच रीतीने करता येतो. चहासाठी मिश्रणाची क्षारता लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असावी, असे आमचे अनुभवाने बनलेले मत आहे. मूळ पाणी जंतू, नायट्रेट व फ्लोराइड यांच्या दृष्टीने निर्दोष असेल तरच असे मिश्रण करावे.

नळाच्या पाण्याचा प्रश्न बहुधा क्लोरीनचा असतो. उन्हाळ्यात बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालताना किंवा इडलीचे पीठ आंबवताना क्लोरीनचा वास येणारे पाणी वापरू नये. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात, वर फडके बांधून, रात्रभर ठेवले की बराचसा क्लोरीन उडून जातो. तसेच क्षारता फार असेल तर आंबवणात तयार होणारे आम्ल मारले जाते आणि आंबटपणा उशिरा येतो.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस 500, जडपणा 200 आणि क्षारता 200 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असणे इष्ट आहे. दुसरा स्रोत नसेल तर या मर्यादा अनुक्रमे 2000, 600 आणि 600 पर्यंत शिथिल होतात. नायट्रेटची 45 ही मर्यादा मात्र शिथिल होत नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून कमी होत नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. घरात तान्हे बाळ असेल आणि बोअर शेतात असेल, तर नायट्रेटची तपासणी आधी करून घ्यावी.

तपासणीसाठी नमुना आणताना बोअर दहा मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि वर हवा न राहील अशी काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली आमच्याकडून आधी घेऊन जावी. बाटलीवर गाव, बोअरची खोली आणि भरण्याची वेळ लिहावी, आणि नमुना त्याच दिवशी पोहोचवावा. ठेवलेल्या पाण्यातून बायकार्बोनेटचा गाळ बसू लागला की क्षारतेचा आकडा खरा येत नाही.