प्ले-ॲक्शन आणि आरपीओ: बॉलकडे नको, गार्डकडे बघा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एखाद्या टीमला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचे डाव आखणारा कोच) मिळाला, की चाहत्यांचं पहिलं भाकीत ठरलेलं असतं: यंदा आरपीओ (रन-पास ऑप्शन) वाढणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिप केली यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटला आला आणि तिथला हेड कोच रायन डे याने प्ले-कॉलिंग (कोणता डाव खेळायचा ते ठरवणं) त्याच्या हाती दिलं, तेव्हाही हेच झालं. २० जानेवारी २०२५ ला नोटर डेमला ३४-२३ हरवून ओहायो स्टेट चॅम्पियन झाली, केली एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला, कोऑर्डिनेटरपद ब्रायन हार्टलाइनकडे आलं आणि तीच भाकितं पुन्हा तव्यावर चढली.

भाकितं जरूर करावीत, ऑफसीझनला दुसरं करायचं तरी काय! पण करणाऱ्या बहुतेकांच्या लेखी आरपीओ म्हणजे काय, तर क्वार्टरबॅकने, म्हणजे प्ले चालवणाऱ्याने, बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी बॉल नेला, परत ओढून घेतला आणि पास टाकला. हे तर प्ले-ॲक्शनमध्येही होतं, शॉटगनचं (क्वार्टरबॅकने काही यार्ड मागे उभं राहून बॉल घेण्याचं) फॅड येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. टीव्हीवरचे कॉमेंटेटरही दोन्ही शब्द एकाच चमच्याने वाढतात, त्यामुळे गोंधळ मिटत नाही.

प्ले-ॲक्शन सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ती हूल आहे. हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) किंवा साइडलाइनवरून कॉल येतो तेव्हाच पास ठरलेला असतो. बॅकला बॉल मिळणार नाही हे अकराच्या अकरा जणांना माहीत असतं. फसवायचं असतं ते फक्त समोरच्या लाइनबॅकर (लाइनमागचे डिफेंडर) आणि सेफ्टींना (सगळ्यात मागचे). ते दोन पावलं पुढे आले की त्यांच्या पाठीमागे, १५-२० यार्डांवर, लांबचा पास टाकायचा. त्या लांबच्या रूट्सना (रिसीव्हरच्या ठरलेल्या धावांना) अडीच-तीन सेकंद लागतात, म्हणून लाइन (पुढचे पाच ब्लॉकर: सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल) पहिलं पाऊल रनसारखं टाकते आणि लगेच पास प्रोटेक्शनमध्ये बसते. पुष्कळदा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा असलेला खेळाडू) आणि तो बॉल न मिळालेला बॅकही ब्लॉकिंगला थांबतात. फसतं कुठे? डिफेन्सच्या एंडने (त्यांच्या लाइनच्या टोकाच्या खेळाडूने) हूल खाल्लीच नाही आणि त्याला कुणी ब्लॉक केलं नाही, तर पाठ फिरवून उभ्या क्वार्टरबॅकला तो दिसतही नाही.

आरपीओमध्ये हूल नसते. सगळी गफलत इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शन. एकाच प्लेमध्ये एक खराखुरा रन आणि एक खराखुरा पास, दोन्ही एकाच वेळी सुरू होतात. रन बहुधा इनसाइड झोन, म्हणजे मधून घुसणारा, असतो. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड मिळून सहा ब्लॉकर. डिफेन्सने सात माणसं जवळ आणली, तर एक जण उरतो. जुन्या पद्धतीत त्या सातव्यासाठी फुलबॅक (जादाचा ब्लॉकर) आणायचे. आरपीओवाला त्याला मुद्दाम मोकळा सोडतो. हा सातवा बहुतेक वेळा बॉक्स (लाइनसमोरची जागा) आणि स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूचा पास झेलणारा) यांच्या मधोमध उभा असलेला लाइनबॅकर असतो. रन आला तर आत यायची जबाबदारी त्याचीच आणि स्लॉटच्या बाजूचा छोटा पास अडवायची जबाबदारीही त्याचीच. एका माणसावर दोन कामं.

आता स्नॅप होतो, म्हणजे सेंटर बॉल मागे देतो. क्वार्टरबॅक बॉल बॅकच्या पोटाशी धरतो, पण नजर त्या लाइनबॅकरवर. तो रनकडे धावला, तर बॉल काढून त्याने रिकाम्या केलेल्या जागेत स्लँट (तिरका आत जाणारा छोटा रूट) किंवा ग्लान्स टाकायचा. ग्लान्स म्हणजे पाचेक पावलं सरळ जाऊन किंचित आत वळणारा रूट. लाइनबॅकर जागेवर थांबला किंवा मागे सरकला, तर बॉल बॅकच्या पोटात सोडून द्यायचा. आता आत सहाला सहा. बॅकला स्वतःला माहीत नसतं बॉल मिळणार की नाही. लाइनमनलाही नसतं. निर्णय स्नॅपनंतर होतो आणि क्वार्टरबॅक एकटा घेतो.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर गुगली टाकायची हे बोलर रनअप घेण्याआधी ठरवतो, ती प्ले-ॲक्शन. आरपीओ म्हणजे कबड्डीतली चढाई: कोपरा पुढे आला तर त्याला हात लावायचा, मागे राहिला तर बोनस. आधी ठरवून जाणारा पकडला जातो.

लाइनमनला माहीत नसतं, या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. त्यांच्यासाठी तो रनच आहे, म्हणून ते मागे बसत नाहीत, पुढे ढकलत जातात. गार्ड आणि सेंटर मिळून आधी डिफेन्सिव्ह टॅकलला दाबतात, मग त्यातला एक जण चार-पाच यार्डांवरच्या लाइनबॅकरकडे निघतो. इथे नियम आडवा येतो. कॉलेजमध्ये लाइनच्या (इथे बॉल जिथून स्नॅप होतो ती रेषा) पलीकडे जाणारा पास हातातून सुटेपर्यंत लाइनमन ३ यार्डांपलीकडे असता कामा नये. गेला तर ५ यार्डांचा दंड आणि डाउन (तो प्रयत्न) पुन्हा. एनएफएलमध्ये हीच मर्यादा १ यार्ड आहे. २०१५ मध्ये कॉलेजलाही १ यार्ड करायचा प्रस्ताव आला होता, तो मंजूर झाला नाही. या दोन यार्डांच्या फरकामुळे शनिवारचे (कॉलेजचे) आरपीओ रविवारी (एनएफएलमध्ये) जसेच्या तसे चालत नाहीत. जोडीला हॅश मार्क, मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा; प्ले त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधून सुरू होतो. कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं, म्हणजे बॉल एका हॅशवर असला की अरुंद बाजूला ६० फूट आणि रुंद बाजूला १०० फूट मैदान. त्या १०० फुटांत आपल्या सातव्या माणसाचे काय हाल होतात ते बघा.

म्हणूनच आरपीओचा पास झटपट सुटावा लागतो. साधारण दीड सेकंदात बॉल गेला नाही, तर गार्ड तिसरा यार्ड ओलांडतो आणि दंडाचा झेंडा पडतो. चाहते शिव्या गार्डला घालतात. चूक जवळपास नेहमी क्वार्टरबॅकची असते: त्याने निर्णय घेतला, पण अर्धा ठोका उशिरा. मात्र बबल स्क्रीनसारखा (बाजूच्या रिसीव्हरकडे लगेच टाकलेला) पास लाइनच्या अलीकडेच झेलला गेला, तर ३ यार्डांची अट लागूच होत नाही. आरपीओला बबल जोडण्यात निम्मी सोय ही आहे.

३० नोव्हेंबर २०१३ ची ऑबर्न विरुद्ध अलाबामा मॅच सगळ्यांच्या लक्षात आहे ती शेवटच्या सेकंदाला हुकलेली फील्ड गोल ख्रिस डेव्हिसने परत पळवली म्हणून. पण स्कोअर २८-२८ झाला कसा ते बघा. ३२ सेकंद उरले असताना ऑबर्नचा क्वार्टरबॅक निक मार्शल याने बॅक ट्रे मेसनच्या पोटाशी बॉल नेला, काढून घेतला आणि डावीकडे पळत सुटला. समोरच्या कॉर्नरने (बाहेरच्या रिसीव्हरला अडवणाऱ्या डिफेंडरने) पाहिलं की हा पळतोय, आणि तो पुढे आला. पुढे येताक्षणी मार्शलने त्याच्या डोक्यावरून रिसीव्हर सॅमी कोट्सला बॉल दिला, ३९ यार्डांचा टचडाउन. याला आजही ‘काय प्ले-ॲक्शन होती!’ म्हणणारे भेटतात. ऑबर्नचे लाइनमन तेव्हा रनसाठी ब्लॉक करत पुढे जात होते, आणि कुणी ३ यार्ड ओलांडले का यावर नंतर भरपूर वाद झाला. प्ले-ॲक्शन असती तर वादाला जागाच नव्हती. कॉर्नर मागे थांबला असता तर मार्शल पळतच राहिला असता.

तेव्हा रीप्ले बघताना बॉलकडे बघू नका. हात दोन्ही प्लेमध्ये सारखेच दिसतात, तशीच त्यांची घडण असते. एक गार्ड निवडा आणि स्नॅपनंतर मनात ‘एक’ म्हणेपर्यंत फक्त त्याच्यावर नजर ठेवा. कमरेतून सरळ होऊन मागे बसला, तर प्ले-ॲक्शन. वाकून दोन यार्ड पुढे कुणाला तरी ढकलतोय आणि बॉल हवेत आहे, तर आरपीओ. एक अपवाद लक्षात ठेवा: काही प्ले-ॲक्शनमध्ये गार्ड मुद्दाम पुल करून आडवा पळतो, किंवा लाइन जोरात अंगावर जाते. तरीही तो लाइनच्या आसपासच राहतो, लाइनबॅकरला गाठायला वर जात नाही.

बॉल बॅकला दिला गेला की आरपीओ ओळखणं अवघड, कारण तो साध्या रनसारखाच दिसतो. मग रिसीव्हर बघा. साध्या रनमध्ये स्लॉट रिसीव्हर समोरच्याला ब्लॉक करायला जातो; आरपीओमध्ये बॅक बॉल घेऊन आत घुसलाय आणि स्लॉट तिकडे हात वर करून स्लँट पळतोय. यातही शंभर टक्के खात्री नाही, कारण काही टीम ठरलेल्या रनलाही दिखाऊ रूट जोडतात. शिवाय काही आरपीओंचा निर्णय स्नॅपच्या आधीच होतो: बॉक्समध्ये सहा तर रन, सात तर पास, किंवा कॉर्नर आठ यार्ड मागे उभा आहे, मग टाक बाहेर.

आता प्ले-कॉलिंगवरच्या तक्रारींकडे. ‘सेकंड अँड ३ ला बबल कोण बोलावतं?’ (दुसरा प्रयत्न, ३ यार्ड बाकी.) कुणीच नाही, बहुधा. बोलावला होता रन. क्वार्टरबॅकला आत सात माणसं दिसली. ‘थर्ड अँड २ ला पुन्हा मधून रन!’ तिथेही कॉल दोन्हीचा असू शकतो. २०२४ पासून एफबीएसमध्ये (कॉलेजच्या सर्वोच्च गटात) कोचचा आवाज एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये जातो खरा, पण प्ले क्लॉकवर (स्नॅपसाठीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले किंवा त्याआधी स्नॅप झाला की तो बंद होतो. सातवा माणूस पुढे येतोय की मागे, हे सांगायला कानात कुणी नसतं. म्हणून आरपीओ जास्त खेळणाऱ्या टीमच्या बॉक्स स्कोअरमधून (मॅचच्या आकडेवारीतून) ‘५५ टक्के रन, म्हणजे कोऑर्डिनेटर भित्रा’ असले निष्कर्ष काढणं मला तरी हास्यास्पद वाटतं. ते प्रमाण डिफेन्सने ठरवलेलं असतं. प्ले-ॲक्शनचं श्रेय आणि दोष मात्र बेलाशक प्ले-कॉलरला द्या. तिथे निवड त्याचीच.

बाकीचे घोळ किरकोळ. झोन रीडमध्ये क्वार्टरबॅक बहुधा एंडला बघतो आणि बॉल बॅकला देतो किंवा स्वतः पळतो. पास नाही, म्हणून आरपीओ नाही. शॉटगन म्हणजे आरपीओ नाही. भराभर खेळणं म्हणजेही आरपीओ नाही. केली ऑरेगनचा कोच असतानाच्या आठवणींमुळे लोक हे तिन्ही एकाच पिशवीत भरतात. आणि ‘आधी रन जमला पाहिजे, मगच प्ले-ॲक्शन चालते’ हे पालुपद एकदाचं बंद करा. लाइनबॅकर रनची आकडेवारी आठवून पुढे येत नाही. गार्डचं पहिलं पाऊल बघून येतो, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं.

नव्या कोऑर्डिनेटरने खरंच आरपीओ वाढवले, तर प्रतिस्पर्धी काय करणार? मॅन कव्हरेज. प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला की स्लॉटवरच्या माणसाला रनची काळजी नाही, दोन कामांचा पेच संपला, आणि रनसाठी जादाचा माणूस सेफ्टी वरून येतो. तेव्हा चांगला प्ले-कॉलर आरपीओ बाजूला ठेवून प्ले-ॲक्शनकडे वळतो, कारण वरून धावत येणाऱ्या त्या सेफ्टीच्या मागे आता कुणीच नसतं. नुसता हट्टाने ग्लान्स टाकत राहिला, तर कॉर्नर आतल्या बाजूला उभा राहून इंटरसेप्शन घेतो.

स्प्रिंग गेम (टीमची वसंतातली सराव मॅच) बघणार असाल तर एवढं करा. क्वार्टरबॅकला हात लावायची मनाई असते, त्यामुळे झोन रीडवरून काहीच कळत नाही, ते सोडून द्या. बॅकला बॉल मिळाल्यावर स्लॉट रिसीव्हर काय करतो ते पहिल्या वीस प्लेमध्ये मोजा. ब्लॉक किती, रूट किती, कागदावर दोन रकाने. रूटचा रकाना भरला, तर आरपीओची चर्चा सुरू करायला हरकत नाही.