कबुलीजबाब: जपानमधला आणि अमेरिकेतला

जपानी माणूस शिस्तीचा, अमेरिकन बेफाम, एवढं म्हणून या दोन देशांत आरोपीच्या कबुलीला वेगळी किंमत का, हा विषय बहुतेकदा मिटवला जातो. मला ते पटत नाही. पकडलेल्या माणसाकडून समाज काय मागतो, यात खरा फरक आहे, आणि तो जुना आहे.

जपानमध्ये तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) पाच-पाच घरांचे गट बांधलेले असत. एकाच्या गुन्ह्याचा जाब पाचही घरांना द्यावा लागे. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या तोंडची कबुली हवीच असे, त्यामुळे छळालाही मुभा होती. त्यानंतर आलेल्या नव्या सरकारचे फ्रेंच कायदेसल्लागार बोआसोनाद यांनी १८७५ मध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १८७९ मध्ये छळावर कायद्याने बंदी आली. कबुलीचं महत्त्व मात्र ओसरलं नाही. त्याला माणुसकीची बाजूही आहे: गुन्हा मान्य करून, पीडिताची माफी मागून भरपाई दिली, तर सरकारी वकील पुरावा असूनही खटला न भरण्याचं ठरवू शकतो. सुटून आलेल्यांना पुन्हा उभं करायला गावोगावी 'होगोशी' हे बिनपगारी स्वयंसेवक असतात.

अमेरिकेचा जन्मच राजसत्तेविरुद्धच्या बंडातून झाला. १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला. गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम. आज तिथेही बहुतांश आरोपी गुन्हा मान्य करतात, पण शिक्षा कमी करून घेण्याच्या सौद्यात. एकदा गुन्हेगार ठरलेल्याला मात्र परतीची वाट अवघड. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला किमान २५ वर्षं ते जन्मठेप लावली, आणि सुरुवातीला तो तिसरा गुन्हा किरकोळ चोरीचाही चाले.

१३ जून १९६६ रोजी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात निकाल दिला: कोठडीतल्या चौकशीआधी आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला जपानमधल्या शिमिझु इथे एका कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. इवाओ हाकामादा या माजी मुष्टियोद्ध्याला ऑगस्टमध्ये अटक झाली आणि जवळपास तीन आठवड्यांच्या चौकशीनंतर त्याने कबुली दिली. त्याचे ४५ जबाब होते. न्यायालयाने ४४ फेटाळले, एक ठेवला आणि १९६८ मध्ये फाशी सुनावली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळात लिहिलेल्या जपानी राज्यघटनेचं कलम ३८ सक्तीची कबुली नाकारतं, तरीही हे घडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने हाकामादांना निर्दोष ठरवलं आणि पुरावे बनावट असल्याचं म्हटलं. तोवर ते ८८ वर्षांचे झाले होते.

२०१९ पासून जपानमध्ये गंभीर गुन्ह्यांतल्या चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. चौकशीच्या खोलीत वकील सोबत असण्याचा हक्क आरोपीला अजून मिळालेला नाही.