कामगार सहकारी उपाहारगृहे (पुणे)

ज्या उपाहारगृहाचे मालक तेथेच राबणारे आचारी, वाढपी आणि गल्ल्यावरचे कारकून असतात, अशी सहकारी संस्था. ग्राहक भांडारात गिऱ्हाईक सभासद असते. येथे सभासदत्व कामावरून मिळते आणि भाग कितीही असले तरी सभेत मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील ‘उत्पादक संस्थे’च्या व्याख्येत सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या संस्थाही येतात. या अधिनियमाचा कारभार पाहणारे राज्याचे सहकार आयुक्तालय पुण्यातच आहे.

पुण्याशी निगडित ठळक उदाहरण इंडियन कॉफी हाउस या देशभर शाखा असलेल्या उपाहारगृह-साखळीचे. त्याचा आरंभ कधीचा, याविषयी एकमत नाही. कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले, तेव्हापासून काही जण परंपरा मोजतात. परंतु ती दुकाने कॉफीचा खप वाढवण्यासाठी होती. त्यांतला वाढपी पगारी नोकर होता. पुढे या समितीच्या जागी आलेल्या कॉफी मंडळाने (कॉफी व्यवसायासाठीच्या सरकारी संस्थेने) ती बंद करायचे ठरवले आणि कामगारांवर बेकारीची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच ती चालवायला घेतली. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला स्थापन झाली, तर तिच्या पाठोपाठ २७ ऑक्टोबरला दिल्लीत पहिले सहकारी कॉफी हाउस सुरू झाले. पुण्याची संस्था साधारणतः १९५८ अखेरपर्यंत उभी राहिली, असे मानले जाते. सहकाराच्या दृष्टीने १९५७ हेच वर्ष ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक. पांढरा गणवेश आणि पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटा तोच राहिला. त्या वेषातला माणूस मात्र आता वार्षिक सभेत ताळेबंदाला मंजुरी देण्यासाठी हात वर करू लागला. कामगाराच्या प्रतिष्ठेचा विचार करता ही फार मोठी गोष्ट आहे.

शहरातील खानावळी, इराणी हॉटेले (उदा., डेक्कनवरील १९३५ चे गुडलक) व उडुपी उपाहारगृहे मात्र प्रामुख्याने घराण्याच्या किंवा भागीदारीच्या मालकीची आहेत.

महिला बचत गटांची खाद्यकेंद्रे या प्रकाराच्या जवळ जातात. पुण्यातील भीमथडी जत्रेत एकीने थापलेले थालीपीठ दुसरी तव्यावर परतते, तिसरी पैसे घेते, आणि हिशेब एकाच वहीत उतरतो. तथापि बचत गट हा सहकार कायद्याखाली नोंदलेला असतोच असे नाही, म्हणून त्याची गणना येथे स्वतंत्रपणे करावी लागते.