ती 'कापडी' पिशवी कापडाची नसतेच!

साड्यांच्या दुकानात, मिठाईवाल्याकडे मिळते ती रंगीत खरखरीत पिशवी कापडी आहे म्हणून पर्यावरणाला चांगली, असं कित्येक वर्षं ऐकतोय. नाही हो, ती नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेली पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सरळ प्लास्टिकच! नीट निरखून बघा, विणीचे आडवे-उभे धागे दिसणारच नाहीत, नुसते बारीक ठिपके दिसतील, तिथे गरम रोलरने तंतू एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि गॅलरीत उन्हात पडून राहिली की तिचा भुगा हाताला लागतो ना, तेही प्लास्टिकच. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत हीसुद्धा होती.

मग सुती घ्यायची? घ्या की, पण दर खरेदीला नवी नको. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) 2011 मध्ये हिशोब मांडला होता, एकदा वापरून फेकलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानाला कमी त्रास व्हायचा तर सुती पिशवी 131 वेळा तरी वापरायला हवी, कापूस पिकवायला आणि कापड बनवायला खत, पाणी, वीज काय कमी लागते का! म्हणून दुकानदारांनो, लोगोवाली नवी पिशवी वाटण्यापेक्षा घरून पिशवी आणणाऱ्याला दोन रुपये कमी करा. आणि घरात जुनी चादर असेल तर तिच्याच पिशव्या शिवा, नवा कापूस लागतच नाही.